आपल्याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू होताना

प्रश्न थोडक्यात असा: ज्या अनुदानित हायस्कूलमध्ये दहावीपर्यंत शिकलो, तिथेच शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून गणित-विज्ञानासाठी माझी शिफारस झाली आहे. मला शिकवणारे चार-पाच शिक्षक अजून नोकरीत आहेत, गावही तेच. सुरुवात कशी करावी आणि कुठे काय अडतं?

अभिनंदन. कागदपत्रांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जी मुलं पुढे शिक्षक होतात ती शाळेत बहुधा बरी असतात. उत्तर येणारी, सरांना नावानिशी माहीत असलेली, वही तपासून घ्यायला आधी उठणारी. म्हणजे तुम्हाला जी शाळा आठवते ती पुढच्या दोन बाकांवरून दिसलेली शाळा आहे. त्याच वर्गात, त्याच सरांपुढे मागच्या बाकावरच्या मुलाची दहा वर्षं कशी गेली, हे त्या वयात दिसत नाही. आता तुमची नेमणूक मुख्यतः त्या मागच्या बाकासाठी आहे. शाळेची ओळख तुम्हाला पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडेल, पण वर्गातली तुमची आठवण अर्धीच आहे हे धरून चाला.

आता कागद. पवित्रमधून शिफारस झाली म्हणजे निवड नियमाने झाली. पण असाच विचार करणारे आणखी पुष्कळ जण असतील, त्यांच्यासाठी सांगतो. खाजगी अनुदानित शाळेतली शिक्षकाची जागा शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवर आणि पवित्र पोर्टलमार्फत भरली जाते. ही चाचणी दोन तासांची, २०० प्रश्नांची, २०० गुणांची असते. सहावी ते आठवीच्या जागेसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपरही उत्तीर्ण लागतो, तर नववी-दहावीच्या जागेला त्या विषयातली पदवी आणि बी.एड. लागतं. संस्थेने मुलाखतीसह भरतीचा पर्याय निवडला असेल तर पोर्टलवरून आलेल्या उमेदवारांमधूनच तिला निवड करावी लागते. ‘तू आपलाच विद्यार्थी, तुला घेऊ कसंतरी चिकटवून’ असं संस्थेतलं कुणी प्रेमाने म्हणालं, तरी मागच्या तारखेचा नेमणूक आदेश कधीही घेऊ नका. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षकभरती थांबवल्यानंतर अशा मागच्या तारखांच्या प्रकरणांच्या चौकश्या झाल्या आहेत. नेमणुकीची मान्यता रद्द झाली की पगाराची वसुली शिक्षकाकडून निघते. आदेशावर सही करणारा तोवर पदावरून गेलेला असतो.

रुजू होताना आदेशात गट कोणता लिहिला आहे ते नीट वाचा, सहावी ते आठवी की नववी-दहावी. पहिली तीन वर्षं तुम्ही मानधनावरचे शिक्षण सेवक असता. १ जानेवारी २०२३ पासून शिक्षण सेवकाचं मानधन पहिल्या गटाला दरमहा १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये आहे. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी मिळते ती दोन्ही गटांची वेगळी असते, आणि ज्येष्ठतेतही फरक पडतो. वर्गावर काम मात्र सरसकट पाचवी ते दहावीला मिळतं. त्यामुळे ‘शिकवतो तर दहावीला, मग आदेशात काय का असेना’ असं म्हणून सोडून देऊ नका.

सोबत नेण्याच्या गोष्टी: शिफारसपत्र, नेमणूक आदेश, पदवी आणि बी.एड.च्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, टीईटी लागू असेल तर ते प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, संगणक अर्हतेचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँक खातं. प्रत्येकाच्या चार साक्षांकित प्रती करा. रुजू अहवाल दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर शाळेचा आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. त्यानंतर मुख्याध्यापक वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात पाठवतात, मान्यता आल्यावर शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतल्या आयडीचा प्रस्ताव पुढे जातो आणि आयडी आल्यावर वेतन देयकात नाव चढतं. ही साखळी पुरी व्हायला महिने जातात. त्या काळाचं मानधन नंतर थकीत देयकातून निघतं, बुडत नाही, पण तोवर सहा महिन्यांच्या खर्चाची सोय घरी करून ठेवलेली बरी.

माजी विद्यार्थ्याच्या बाबतीत एक खास मुद्दा असा की तुमच्या सेवापुस्तकातल्या नावाचा आणि जन्मतारखेचा पुरावा, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, ज्या जनरल रजिस्टरवरून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवहीवरून, निघतो ते आता तुमच्याच शाळेच्या कपाटात आहे. नावातला काना-मात्रा किंवा तारीख चुकलेली असेल तर लिपिकाला ‘तेवढं दुरुस्त करा’ असं चुकूनही म्हणू नका. शाळा सोडल्यानंतरची दुरुस्ती शाळेच्या पातळीवर होत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आणि जी व्यक्ती त्याच शाळेत नोकरीला आहे तिच्या स्वतःच्या नोंदीतली खाडाखोड उद्या कुणीही उकरून काढू शकतं. तसंच त्या रजिस्टरात, जुन्या निकालपत्रकांत तुमच्या वर्गमित्रांची, शेजाऱ्यांची माहिती आहे. कामाशिवाय ती उघडू नका आणि तिच्यावर बाहेर बोलू नका.

आता माणसं. शिक्षक-खोलीत तुम्ही सर्वांत नवे आहात आणि त्यातल्या काहींनी तुम्हाला अर्ध्या चड्डीत पाहिलं आहे. ज्यांनी शिकवलं त्यांना तुम्ही आयुष्यभर ‘सर’ आणि ‘बाई’च म्हणणार, त्यात बदल नको. त्यांनी तुम्हाला अरे-तुरे केलं तर शिक्षक-खोलीत ते गोडच वाटतं. अडचण होते ती व्हरांड्यात आणि परिपाठाला. मुलांसमोर ‘ए पोरा, जरा खडूचा डबा आण’ असं दोनदा झालं की आठवीचा वर्ग ते बरोबर टिपतो आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या तासाला कुजबुज सुरू होते. यावर चारचौघांत नाराजी दाखवू नका. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापाशी एकटे जाऊन बोला: ‘सर, तुमच्यासाठी मी तोच आहे आणि तसंच राहू दे. फक्त पोरांसमोर मला सर म्हणा, नाहीतर ती माझं ऐकायची नाहीत.’ ज्याने वर्ग हाताळला आहे त्याला हे लगेच पटतं. बहुतेक जण त्यानंतर मुलांसमोर मुद्दाम दोनदा ‘सर’ म्हणतात.

तुमच्या पिढीने शिक्षकांना ठेवलेली टोपणनावं विसरून जा. ती आजही शाळेत फिरत असतात. तुम्ही एकदा जरी हसलात तरी मुलांना परवानगी मिळते.

खरा अवघडपणा मान-पानात नसतो, कामात असतो. तुम्ही नववी ‘ब’चे वर्गशिक्षक झालात तर निकालपत्रक पुरं करायला प्रत्येक विषयाचे गुण तुम्हाला गोळा करावे लागतात आणि त्यात तुमच्या बाई गुण द्यायला उशीर करणाऱ्या असू शकतात. संकोचाने गप्प बसलात तर शेवटच्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर तुम्ही उभे असता. उपाय साधा आहे. गुण द्यायच्या तारखेच्या आठ दिवस आधी कोरा तक्ता, मुलांची नावं भरून, त्यांच्या हातात द्यायचा: ‘बाई, फक्त आकडे घालायचेत, शनिवारी मी घ्यायला येतो.’ शनिवारी जायचंच. आठवणीपेक्षा तक्ता चांगलं काम करतो.

याच संकोचाची महागडी जागा म्हणजे प्रयोगशाळेचा चार्ज. विज्ञानाचा नवा शिक्षक आला की प्रयोगशाळा त्याच्याकडे येते आणि देणारे बहुधा तुमचेच जुने सर असतात. ते म्हणतात, ‘सगळं आहे तिथेच आहे, तू सही कर.’ त्यांच्यासमोर एकेक वस्तू मोजायला लाज वाटते आणि सही होते. पुढे तपासणीत डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, सहा सूक्ष्मदर्शक असतात आणि कपाटात चार. तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. म्हणून मोजायचंच, पण रीत अशी ठेवा की त्यात सरांवर संशय दिसणार नाही. शनिवारी दुपारी परिचर आणि एक सहकारी घेऊन बसा. रजिस्टरमधली एकेक ओळ वाचायची, वस्तू समोर आणायची, यादीत चार रकाने करायचे: नोंदीप्रमाणे संख्या, प्रत्यक्ष संख्या, चालू, नादुरुस्त. सूक्ष्मदर्शकाची भिंगं आहेत का ते बघा, नुसती नळी मोजू नका. गॅल्व्हानोमीटर आणि ॲमीटर सेल लावून काटा हलतो का ते पाहा. काचसामान फुटतंच, त्याची तूट वेगळी लिहा. तफावत निघाली तर ती यादीखाली स्पष्ट लिहून दोघांनी सही करायची आणि निर्लेखनाचा, म्हणजे त्या वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव मुख्याध्यापकांकडे द्यायचा. असं केलं तर निवृत्त होणाऱ्या सरांचाही मार्ग मोकळा होतो, कारण निवृत्तीच्या वेळी त्यांनाही शाळेचं काही देणं नसल्याचं ना-देय प्रमाणपत्र लागतं.

रसायनांचं कपाट उघडताना खिडक्या उघड्या ठेवा. लेबल गळून पडलेली बाटली वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नका, ती बाजूला काढून ‘अज्ञात’ अशी चिठ्ठी लावा. आम्लांच्या बाटल्या वरच्या फळीवर असतील तर सर्वांत खाली, ट्रेमध्ये आणा. मुलांकडून सौम्य आम्ल करून घ्यायचं असेल तर नेहमी पाण्यात आम्ल, थोडंथोडं. उलटं केलं तर उष्णतेने उकळून तोंडावर उडतं. जुन्या पाऱ्याच्या तापमापींऐवजी अल्कोहोलच्या घ्या.

आता वर्ग. इथे तुमच्या आठवणी सर्वांत जास्त फसवतात. तुमच्या सरांनी भूमिती फळ्यावर ज्या पद्धतीने शिकवली ती तुमच्या हातात उतरलेली असते आणि तुम्हाला ती समजली होती म्हणून ती उत्तम वाटते. पण पाठ्यपुस्तकं बदलली आहेत, नववीचं २०१७ ला आणि दहावीचं २०१८ ला. दहावीला गणिताचे भाग १ आणि भाग २ असे ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि २० अंतर्गत. विज्ञान आणि तंत्रज्ञानालाही तसंच. स्वतःच्या जुन्या वह्या काढून त्यावरून टाचण लिहू नका. आधी नवं पुस्तक पहिल्या पानापासून सोडवा, प्रत्येक सरावसंचातलं प्रत्येक उदाहरण. कोणत्या उदाहरणाला किती वेळ लागला ते समासात लिहा. मुलांना त्याच्या तिप्पट वेळ लागेल असं धरून घटक नियोजन करा. तासिका बहुधा पस्तीस मिनिटांची असते. हजेरी आणि मुलं स्थिर व्हायला पाच मिनिटं गेली की तीस उरतात. त्यात दोन उदाहरणं फळ्यावर आणि दोन वहीत, एवढंच नीट होतं.

पहिल्या दहा दिवसांत धडा पुढे रेटण्याऐवजी मुलांना काय येतं ते तपासा. नववीच्या वर्गाला पाचवी ते सातवीच्या पातळीचे वीस छोटे प्रश्न द्या, तीस मिनिटं, गुण सांगायचे नाहीत. उदाहरणार्थ: −७ − ३ किती? २/३ + १/४ किती? ०.५ × ०.२ किती? १२ मीटर दोरीचे पाऊण मीटरचे किती तुकडे होतील? मग एका मोठ्या कागदावर आडवे वीस प्रश्न आणि उभे हजेरी क्रमांक घेऊन बरोबर तिथे टिंब करा. बेरीज ओळींची करू नका, रकान्यांची करा. ज्या रकान्यात निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या, तो तुमचा जून महिन्याचा अभ्यासक्रम.

त्यात −७ − ३ हा प्रश्न हमखास सापडेल. पुष्कळ मुलं १० लिहितात आणि विचारलं की आत्मविश्वासाने सांगतात, ‘ऋण ऋण धन.’ म्हणजे गुणाकाराचा नियम पाठ आहे आणि तो बेरजेला लावला गेला आहे. ‘चूक, परत कर’ म्हटल्याने हे जात नाही, कारण मुलाच्या दृष्टीने त्याने नियम पाळलाच आहे. फळ्यावर संख्यारेषा काढा, शून्यावर एक मुलगा उभा करा, डावीकडे सात पावलं चालू द्या, आणि तिथून आणखी तीन डावीकडे. उत्तर तो स्वतः सांगतो. मग त्याच तासाला (−७) × (−३) शेजारी लिहा आणि दोन्ही प्रश्नांत चिन्ह कुठे काय काम करतंय ते बोलायला लावा. आठवडाभर रोज तासाच्या सुरुवातीला अशी चार उदाहरणं तोंडी. हे दहावीपर्यंत राहिलं तर वर्गसमीकरणात मुलगा पद्धत बरोबर लिहितो आणि उत्तर चुकतो, आणि आपण त्याला निष्काळजी म्हणतो.

शिक्षेबद्दल एकच वाक्य पुरे नाही, म्हणून दोन लिहितो. तुम्ही छडी खाल्ली असेल आणि ‘त्यानेच आम्ही सुधारलो’ असं गावात म्हणणारे पालक आजही भेटतील, ‘मारा पण शिकवा’ असंही सांगतील. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना आहेत, पालकाच्या परवानगीने ते कायदेशीर होत नाही. आणि छडीमुळे सुधारलेले दिसतात ते पुढच्या बाकावरचे; तिच्यामुळे शाळा सोडून गेलेले माजी विद्यार्थी मेळाव्याला येत नाहीत. त्याच कायद्याच्या कलम २८ प्रमाणे खाजगी शिकवणीही घेता येत नाही. गावात ‘आमच्या पोराला तेवढं संध्याकाळी बघ’ अशी गळ नातेवाईकच घालतात, तेव्हा हे कलम सांगायला सोपं पडतं. मुलाला शाळेतच, सुट्टीनंतर, सगळ्यांसाठी खुला असा अर्धा तास द्या.

ओळखीचा खरा उपयोग कुठे होतो ते आता सांगतो, कारण तो मोठा आहे. बाहेरून आलेल्या शिक्षकाला जे दोन वर्षांनी कळतं ते तुम्हाला आजच माहीत आहे. कोणत्या वाडीची मुलं साडेनऊची एसटी चुकली की दुसऱ्या तासालाच पोहोचतात. ओढ्याला पाणी आलं की कोणाची गैरहजेरी खरी असते. पेरणीत, काढणीत कोणती मुलं घरी थांबवली जातात, आणि ऊसतोडीला कोणती कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात. या शेवटच्या मुलांसाठी सप्टेंबरमध्येच पालकांना भेटा. मागे आजी-आजोबा किंवा चुलते आहेत का, हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, हे तेव्हा ठरलं तर मूल शाळेत राहतं. नोव्हेंबरात ठरवायला गेलात तर बैलगाडी निघून गेलेली असते. दहावीला ७५ टक्के उपस्थितीची अट आहे, ती फेब्रुवारीत आठवून उपयोग नाही. आठवीच्या हुशार आणि गरजू मुलांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचं तर पालकाचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तलाठी आणि सेतू कार्यालय तुमच्या ओळखीचं आहे, दहा मुलांचे दाखले एकदम काढून द्या.

भाषेचंही तसंच. घरची बोली तुम्हाला येते, ती वर्गात लपवू नका. कोकणात, खानदेशात, मराठवाड्यात मूल जे शब्द घरून आणतं ते ऐकून तुम्ही हसला नाहीत आणि तोच शब्द वापरून पुस्तकातल्या शब्दापर्यंत नेलंत, तर मागचा बाक बोलायला लागतो. प्रमाण मराठी फळ्यावर लिहा, समजावणं बोलीत चालेल.

आणि ओळख अडचण कुठे करते तेही सांगायला हवं. तुमच्या वर्गात वर्गमित्राचा मुलगा असेल, भाचा असेल, ज्या घराशी बांधावरून वाद आहे त्या घरची मुलगी असेल. बाजाराच्या दिवशी भाजी घेताना कुणीतरी विचारणारच, ‘आमच्या पोराचं कसं काय?’ रस्त्यावर गुण किंवा तक्रार सांगायची नाही. ‘शनिवारी शाळेत या, वही समोर ठेवून बोलू’ हे एकच उत्तर सगळ्यांना, सख्ख्या काकालाही. एकदा एकाला रस्त्यात सांगितलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. ‘तुझे बाबा तर माझ्या वर्गात होते, त्यांनाही गणित यायचं नाही’ असं वाक्य प्रेमानेसुद्धा वर्गात नको. मुलावर ते बसून राहतं आणि रात्री घरी पोहोचतं. जवळच्या नात्यातलं मूल ज्या वर्गात आहे त्याच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्या. दहावीला असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना लेखी कळवा म्हणजे मंडळाच्या परीक्षेच्या कामातून तुमचं नाव वेळेत वगळलं जाईल.

याहून गंभीर प्रसंग येऊ शकतो. एखाद्या मुलीने किंवा मुलाने लैंगिक छळाबद्दल तुम्हाला सांगितलं आणि ज्याचं नाव घेतलं तो गावातला, नात्यातला किंवा शाळेतलाच असला, तर ‘आपलं गाव, आपली शाळा, बघू आपसात’ हा मार्ग तुमच्यासाठी बंद आहे. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, त्याने जे शब्द वापरले ते तसेच लिहून ठेवा, त्याच दिवशी पोलिसांना कळवा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या. मदतीला १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. मुलाचं नाव शिक्षक-खोलीतही बोलायचं नाही.

तुमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप गट असेलच. त्यात आता तुम्ही ‘शाळेतला आपला माणूस’ आहात. शिक्षक-सभेतलं बोलणं, मुलांचे फोटो, चुकीच्या उत्तरांच्या गमती यातलं काही तिथे जाऊ नये. काही महिन्यांत कुणीतरी म्हणेल, शाळेला काहीतरी देऊ या. चांगलं आहे, पण पैसे स्वतःच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नका. मुख्याध्यापकांकडून लेखी मागणी, शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्यावर रक्कम, पावती, आणि वस्तू आल्यावर डेडस्टॉकला नोंद, हा क्रम सोडायचा नाही. आणि काय द्यायचं हे मित्रांना ठरवू देऊ नका, कारण सगळ्यांना प्रोजेक्टर द्यावासा वाटतो. ज्या खोलीत दुपारी वीज नसते आणि पडदा लावायला भिंत नाही तिथे तो कपाटात जातो. आधी मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का, नळ आणि कडी धड आहे का, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राची गाळणी दरवर्षी बदलायचा खर्च कोण करतं, हे बघा. वस्तूबरोबर तीन वर्षांच्या देखभालीची रक्कमही मागून घ्या, नाहीतर पहिल्या बिघाडाला ती वस्तू संपते.

नव्या माणसाकडे ऑफ तासाला बदली वर्ग जास्त येतात, उन्हाळ्यात पट वाढवायला वाड्या-वस्त्यांवर जायचं काम येतं, आणि माजी विद्यार्थी म्हणून तर तुम्हालाच पुढे करतात. ते करा, पण पालकांना खोटं आश्वासन देऊ नका. एसटी पासाचं, सायकलचं, गणवेशाचं जे योजनेत आहे तेवढंच सांगा. संस्थेतले गट तुम्हाला विद्यार्थी असताना माहीत नव्हते, आता कळतील. दोन्हीकडचे तुम्हाला ‘आमचा विद्यार्थी’ म्हणतील. पहिलं वर्ष फक्त तासाला वेळेवर जाण्यात आणि वह्या तपासण्यात घालवा. त्यावर कोणत्याच गटाला बोट ठेवता येत नाही.

आणि ही शाळा कायमची तुमची आहे असं धरू नका. पट घसरला आणि संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पद कमी झालं तर सेवाज्येष्ठतेत शेवटचा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाने दुसऱ्या शाळेत जातो. तो शेवटचा आज तुम्ही आहात. रयत शिक्षण संस्थेसारख्या अनेक शाखा असलेल्या संस्थेत तर बदल्या होतच असतात. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे अनुसूची ‘फ’ची ज्येष्ठता यादी दरवर्षी शिक्षकांना दाखवून सही घेतात. आपली रुजू तारीख, प्रवर्ग आणि पात्रता मिळाल्याची तारीख तपासल्याशिवाय सही करू नका. हरकत असेल तर ती मुदतीत आणि लेखी द्या, जरी यादीत तुमच्या वरचं नाव तुमच्या सरांचं असलं तरी. त्यात त्यांचा अपमान नाही.

शेवटचं काम घाईचं आहे. ज्या चार-पाच शिक्षकांनी तुम्हाला शिकवलं ते ५८ ला निवृत्त होणार, काही जण एक-दोन वर्षांतच. त्यांच्याकडून काय घ्यायचं ते आत्ताच ठरवा. महिन्यातून एकदा त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा. यावेळी फळ्याकडे न बघता मुलांकडे बघा: कोण लिहितंय, कोण नुसतं उतरवतंय, सर कोणाला कधीच विचारत नाहीत. मग त्यांनाही तुमच्या तासाला बोलवा आणि नंतर एकच विचारा, ‘सर, कोणती पाच मुलं माझ्या हातातून सुटली?’ त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेले प्रश्नसंच, घरोघरची माहिती, कोणत्या पालकाशी कसं बोलावं लागतं, शाळेच्या टाकीचा मुख्य कॉक कुठे आहे, मीटरपेटीची किल्ली कोणाकडे असते, जुन्या परीक्षांचे दप्तर कोणत्या पेटीत आहे, हे कुठल्याच चार्ज यादीत येत नाही. एक शंभर पानी वही घ्या आणि निवृत्तीच्या आधीच्या जूनपासून दर शनिवारी त्यांच्याजवळ अर्धा तास बसून ती भरा.